आपोआप उघडणारी मच्छरदाणी : घ्यावी कशी, मिटावी कशी

धान निसवायला लागले की आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे अंथरूण घरातून शेतात जाते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून टाकतो, तेव्हा जागलीला गेल्यावाचून इलाज नसतो. आणि नेमक्या याच दिवसांत, सप्टेंबरपासून नोव्हेंबर संपेपर्यंत, आमच्या दवाखान्यात थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णांची रीघ लागते. हा योगायोग नव्हे. घरातली बायकामुले मच्छरदाणीत निजलेली असतात आणि घरचा कर्ता पुरुष शेतातल्या मांडवावर उघड्या अंगाने डासांच्या स्वाधीन झालेला असतो.

या सदरात हिवतापावर जेव्हा जेव्हा लिहिले, तेव्हा तेव्हा वाचकांकडून एका वस्तूबद्दल हमखास विचारणा झाली. बाजारात गोल पिशवीत मिळणारी, पिशवीतून काढताच तंबूसारखी आपोआप उभी राहणारी मच्छरदाणी. कुणी तिला फोल्डिंग मच्छरदाणी म्हणते, कुणी तंबू मच्छरदाणी; आठवडी बाजारात तिला ‘पिंजरा’ म्हणणारेही मला भेटले. ती चांगली का, घ्यावी का, सरकारी मच्छरदाणी असताना हिची गरज काय, असे प्रश्न येतात. आणि सर्वांत जास्त येणारा प्रश्न एका शेतकरी बंधूंच्याच शब्दांत सांगतो, “डाक्टरसायेब, उघडते त फट्कन, पन मिटता मिटत नाई!”

ऐकायला हा विनोद वाटतो, पण तो तसा नाही. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात चाळिशीतल्या एका शेतकऱ्याला बैलगाडी, मग जीप असे करत आमच्याकडे आणले. तापाचा चौथा दिवस होता. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओळख नाही, मधूनच बडबड. रक्त तपासले तर फॅल्सिपेरम जातीचा हिवताप. हाच तो मेंदूत जाणारा. शिरेतून औषध सुरू करून त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवले. पुढे ते वाचले, दोन आठवड्यांनी चालत घरी गेले. त्यांच्या मंडळींशी बोलताना समजले की घरात सरकारी मच्छरदाण्या २ होत्या, पण त्या बांधायला चार कोपऱ्यांना चार खुंट्या लागतात आणि शेतातल्या मांडवावर तशी सोय नव्हती. मुलाने मुद्दाम बाजारातून आपोआप उघडणारी आणून दिली होती. पहिल्या सकाळी ती मिटेना, म्हणून घरी आणून भिंतीला उभी करून ठेवली. तिच्यात मांजर झोपत असे.

एक वस्तू मिटता येत नाही म्हणून माणूस मरणाच्या दारात जाऊन आला. तेव्हा आज या वस्तूबद्दल जरा सविस्तर लिहितो.

प्रथम तिची योग्यता आणि तिची मर्यादा पाहू. आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या मच्छरदाणीच्या धाग्यातच कीटकनाशक औषध मुरवलेले असते. डास तिच्यावर बसला तर मरतो किंवा दूर पळतो. १९९० च्या दशकात गांबिया, घाना, केनिया अशा आफ्रिकी देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटलेल्या भागांत लहान मुलांचे मृत्यू एकत्रित हिशेबाने सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या एका जाळीच्या तुकड्याने एवढे काम करावे, ही वैद्यकशास्त्रात सहजासहजी न आढळणारी गोष्ट आहे. देशाच्या काही भागांत डास या औषधाला पूर्वीइतके दाद देत नाहीत हे खरे, तरीही जाळी म्हणून तिचा उपयोग उरतोच.

बाजारातली आपोआप उघडणारी मच्छरदाणी बहुधा बिनऔषधाची असते. ती केवळ भिंत आहे. औषधाच्या मच्छरदाणीला एखादे भोक पडले तरी आत शिरू पाहणारा डास औषधाला लागून बऱ्याचदा मरतो. बिनऔषधाच्या जाळीला भोक पडले की ती मच्छरदाणी राहिली नाही असे समजावे. एवढेच नव्हे, झोपेत आपला कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला तर डास बाहेर बसून जाळीतून सोंड घालतो आणि रक्त पितो. म्हणून माझे मत सरळ आहे. घरात, जिथे बांधायची सोय आहे तिथे, सरकारी औषधाची मच्छरदाणीच वापरावी. नवी आणली म्हणून ती गुंडाळून ठेवू नये. आपोआप उघडणारी घ्यावी ती शेतावर, मांडवावर, अंगणात, प्रवासात. तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात मुक्काम करणारे, मिरची तोडायला तेलंगणात जाऊन शेतकऱ्याच्या आवारात उघड्यावर झोपणारे आपले मजूर, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या काठी रात्र काढणारे भाविक, या सगळ्यांसाठी हिच्यासारखी सोयीची वस्तू नाही. मिरची तोडून परतलेल्या मजुरांपैकी किती जण ताप घेऊनच घरी येतात, हे इथल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा.

घेताना

दुकानदार मच्छरदाणी उघडून दाखवायला कंटाळतो. तरी उघडायला लावा, कारण पिशवीवरच्या चित्रावरून काहीच कळत नाही. पहिली पाहायची ती जाळी. मच्छरदाणीच्या जाळीला एका चौरस इंचात १५६ भोके असावीत असा मान्य दंडक आहे. १२ गुणिले १३ म्हणजे १५६. तेव्हा मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी बरोबर न्यावी, जाळीवर आडवी आणि उभी ठेवून इंचात साधारण बारा-तेरा भोके भरतात का ते मोजावे. दुकानदार हसेल, हसू द्यावे. त्याहून विरळ जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून बारीक चणीचा डास आत येतो.

दुसरे पाहायचे ते तळ. काहींना खालून कापडाचा तळ असतो, काही नुसत्याच टोपल्यासारख्या पालथ्या घालायच्या असतात. पलंगावर दोन्ही चालतात. जमिनीवर किंवा मांडवावर झोपायचे असेल तर तळाचीच घ्यावी. बिनतळाची जमिनीवर कितीही नीट टेकवली तरी कुठेतरी बोटभर फट राहतेच, आणि डासाला बोटभर फट म्हणजे राजरस्ता.

तिसरे म्हणजे माप. आत बसल्यावर डोके वर लागता कामा नये आणि झोपल्यावर दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी राहिली पाहिजे. एका माणसाच्या मच्छरदाणीत नवरा-बायको आणि मधे मूल, असे दाटीने झोपले की कडेच्या दोघांची अंगे जाळीला लागतात. पैसे वाचवायला लहान माप घेतले तर त्याचा फायदा डासांना.

शेवटी चेन. दोन-चार वेळा उघडझाप करून पाहावी. या मच्छरदाण्या निकामी होतात त्या जाळी फाटून कमी, चेन बिघडून जास्त.

उघडताना आणि मिटताना

हिच्या कडांमधून लवचिक पोलादी तार ओवलेली असते. पिशवीत ती जबरदस्तीने वेटोळी घालून बसवलेली असते. पिशवी उघडली की ती मोकळी व्हायला धावते. म्हणून उघडताना तोंड बाजूला, हात लांब, आणि मुले तीन-चार हात दूर. चष्मा लावणाऱ्यांनी विशेष जपावे. तार डोळ्याला लागली तर ती इजा साधी नसते. वेटोळे जमिनीवर ठेवून, एका हाताने दाबून धरून हळूहळू सोडावे.

आता मिटण्याचे. बहुतेक लोक इथे ताकद लावतात आणि तार वाकवून बसतात. तारेला जिकडे वळायचे असते तिकडे तिला वळू द्यायचे, एवढेच या कामातले मर्म आहे. पहिल्यांदा आतले अंथरूण, उशी, बॅटरी सगळे बाहेर काढावे, तळ झटकावा आणि चेन थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आत हवा कोंडत नाही. मग दोन्ही टोकांच्या कमानी उचलून पुस्तक मिटल्याप्रमाणे एकमेकींवर आणाव्यात. आता हातात एक लांबट, चपटे, मोठ्या पानासारखे काहीतरी येईल. ते पान समोर उभे धरावे आणि त्याचे खालचे टोक पायाच्या अंगठ्याने हलके दाबावे. वरचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे झुकवत खाली आणावे, अगदी जमिनीला टेकेपर्यंत. अर्ध्यावर आल्यावर तार आपल्या आपण बाजूला फाकून आठच्या इंग्रजी आकड्यासारखी होऊ लागते. इथे लोक घाबरतात आणि सोडून देतात. सोडू नये. दोन्ही बाजूंना जी वेटोळी फुगून येतात ती आत लोटून एकीवर एक चढवावीत. बायका डोक्यावर घागर घेताना लुगड्याच्या पदराची चुंबळ करतात ना, तशी ती एकात एक बसतात. मग चुंबळ एका हाताने घट्ट धरून पिशवीत सरकवावी आणि पिशवीची चेन लावेपर्यंत हात काढू नये.

पहिल्यांदा हे जमणार नाही. दुसऱ्यांदाही नाही. घरी, दिवसाउजेडी, वारा नसताना पाच-सहा वेळा करून पाहावे. शेतात पहाटेच्या अंधारात पहिला प्रयोग करू नये. मी आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात रुग्णांच्या नातेवाइकांना हे शिकवतो, तेव्हा दहा-बारा वर्षांची पोरे सर्वांत लवकर शिकतात आणि मग तीच आपल्या आजोबांना शिकवतात. आजोबांना ते फारसे रुचत नाही.

शेतात वापरताना

जमिनीवर आधी ताडपत्री किंवा खताचे रिकामे पोते अंथरावे, वर मच्छरदाणी. कापणी झालेल्या बांधीत धसकटे तळाच्या कापडातून सुईसारखी वर येतात. तळ एकदा फाटला की नुसत्या डासांची गोष्ट राहत नाही.

मण्यार हा सापही याच दिवसांत रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. तिच्या चाव्याची सूज नसते, वेदना नगण्य. माणूस पहाटे पोटदुखीने किंवा घसा आवळल्याने उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास थांबतो. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत ही ‘पोटदुखी’ म्हणून अंगाऱ्यावर निभावली जाते. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात, असे नेपाळच्या तराईतल्या एका अभ्यासात दिसले. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तळाची, चेन पूर्ण लावलेली मच्छरदाणी साप आणि विंचू दोघांनाही बरीच अडवते. तरीही पहाटे अशी लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा. तिथे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते.

मात्र ज्या शिवारात वाघाचा किंवा हत्तींचा वावर आहे, तिथे मच्छरदाणी असो वा नसो, जमिनीवर झोपूच नये. वन खात्याने दवंडी दिली असेल तर ती ऐकावी. धानाचे पीक पुन्हा येते.

वाऱ्याने ही मच्छरदाणी पतंगासारखी उडते, तेव्हा चारही कोपऱ्यांत आतून एकेक दगड फडक्यात गुंडाळून ठेवावा, किंवा बाहेरून सुतळीने बांधून घ्यावी. पावसापासून ती वाचवत नाही. म्हणून काही जण तिच्यावरच प्लास्टिक टाकतात, आणि मग आत गुदमरून मध्यरात्री जाळी उघडून झोपतात. प्लास्टिक हवे तर वर, हातभर अंतर ठेवून, मांडवासारखे ताणावे.

आता विस्तवाबद्दल. ही जाळी पॉलिस्टर किंवा तत्सम धाग्याची असते. ती पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. तिने भाजलेली जखम खोल असते. आत बसून विडी ओढणे, कंदील किंवा मेणबत्ती ठेवणे, डास पळवायची उदबत्ती लावणे, यांतले काहीही चालणार नाही. थंडीत जागलीची शेकोटी पेटते, तिच्यापासून दहा-बारा हात दूर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला मच्छरदाणी लावावी, म्हणजे ठिणग्या तिच्याकडे येत नाहीत. उजेडासाठी बॅटरी.

आत शिरताना चेन गरजेपुरती उघडावी, चटकन शिरावे, लावून घ्यावी, मग बॅटरीने चारही कोपरे पाहावेत. एखादा डास बरोबर आलेला असतोच. त्याला मारल्याशिवाय झोपू नये, कारण तो रात्रभर तुमच्याबरोबर कोंडलेला आहे आणि त्याला दुसरे काम नाही. चपला बाहेर पालथ्या ठेवाव्यात आणि सकाळी झटकून पायात घालाव्यात.

हिवतापाचा डास, अ‍ॅनॉफिलिस, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तेव्हा रात्री १० वाजता मच्छरदाणीत शिरणाऱ्याने सातपासूनचे तीन तास उघड्या अंगाने गप्पांत घालवले तर निम्मे संरक्षण गेले. त्या वेळात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब पायजमा घालावा. डेंग्यूचा एडिस डास मात्र दिवसा चावतो. दुपारी झोपणाऱ्या लहान बाळाला त्यासाठी दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. बाळासाठी छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी मिळते ती ठीक, फक्त बाळ पालथे पडायला आणि सरकायला लागले की ती अपुरी पडते.

निगा

सकाळी दवाने ओली झालेली मच्छरदाणी तशीच पिशवीत कोंबली की आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तारेला गंज धरतो. घरी आणून सावलीत तासभर उघडी ठेवावी, मगच मिटावी. उन्हात वाळवू नये, उन्हाने धागा ठिसूळ होतो.

धुणे वारंवार नको. धूळ झटकून काम भागत असेल तर झटकावीच. धुवायची तेव्हा अंगणात उघडी ठेवून, बादलीत साधा साबण कालवून, मऊ फडक्याने पुसून घ्यावी आणि वर स्वच्छ पाणी टाकावे. दगडावर आपटणे, ब्रशने घासणे, पिळणे यांतले काही करू नये. आत तार आहे, ती वाकली की मच्छरदाणी कायमची वाकडी.

सरकारी औषधाच्या मच्छरदाणीचे नियम थोडे वेगळे आहेत. नवी मिळाली की वापरण्याआधी एक दिवस सावलीत पसरून ठेवावी. तिचे औषध साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा ३ वर्षे टिकावे असे ती बनवताना धरलेले असते, म्हणजे दर आठवड्याला धुणाऱ्याकडे ते सहा महिन्यांतच संपेल. आणि ती तलावात, बोडीत किंवा नाल्यात कधीच धुऊ नये. हे औषध माणसाला या प्रमाणात अपाय करत नाही, पण माशांना फार विषारी आहे. धुण्याचे पाणी तलावापासून दूर, जमिनीत जिरेल अशा ठिकाणी ओतावे. आपल्या भागातले मामा तलाव ही गावोगावच्या मासेमारांची रोजीरोटी आहे.

मासे म्हटल्यावर आठवले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या लोकांबद्दल लिहून ठेवले आहे की ते दिवसा ज्या जाळ्याने मासे धरतात, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून डासांपासून बचाव करतात. म्हणजे त्यांनी माशांच्या जाळ्याची मच्छरदाणी केली. आपल्याकडे काही बहाद्दर सरकारी मच्छरदाणीचे मासे धरायचे जाळे करतात! डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो पुष्कळ नंतर, २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस या डॉक्टरला. इजिप्तच्या कोळ्यांना त्यातले काही ठाऊक नव्हते, तरी जाळ्याचा योग्य उपयोग त्यांना कळला होता.

भोक पडले तर त्याच दिवशी शिवावे. अंगठा जाईल एवढे भोक असेल तर कडा चिमटीत धरून दोऱ्याने आवळून गाठ मारली तरी चालते. मोठे असेल तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठिगळ म्हणून लावावा. चिकटपट्टी लावणारे पुष्कळ आहेत, पण दवाने ती दोन रात्रींत सुटते. चेन अडकत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासावी. तेल लावू नये, तेलावर धूळ बसते. धावता सैल होऊन चेन मागे उघडत असेल तर पक्कडीने तो हलक्या हाताने दाबावा. तारेचे टोक कापडातून बाहेर आले असेल तर ते आधी बघा. गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून त्यावर पातळ नळी बसवून वर विजेच्या तारांना लावतात ती काळी टेप गुंडाळून घ्यावी. तोवर मुलांना त्यात झोपवू नये.

ठेवायची ती खुंटीला टांगून. धान्याच्या कोठीजवळ ठेवली तर उंदीर जाळी कुरतडतात. आत बसून चिवडा-फुटाणे खाणाऱ्यांच्या मच्छरदाण्या तर ते हमखास कुरतडतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. बिनऔषधाची मच्छरदाणी ‘औषधाची’ करण्यासाठी काही शेतकरी तिच्यावर पिकावर मारायचे कीटकनाशक फवारतात, असे माझ्या कानावर आले आहे. हे कदापि करू नये. मच्छरदाणीसाठी वापरतात ते औषध, त्याचे प्रमाण, त्याची पद्धत सर्वस्वी निराळी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, ते उघड्या शेतात. त्याच विषाने भिजलेल्या जाळीत तोंड घालून रात्रभर श्वास घेतल्यावर काय होईल? मच्छरदाणीला औषध लावून हवे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. तिथे सोय नसेल तर बिनऔषधाचीच वापरावी, पण धड ठेवावी.

आणि मच्छरदाणीत झोपूनही ताप आला तर? मच्छरदाणीत झोपतो म्हणून हिवताप नसेलच, असा हिशेब करू नये. थंडी वाजून ताप आला, नुसता ताप आला, अंग मोडून आले, तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आशाताईंकडे बोटातल्या रक्ताच्या थेंबावर करायची तपासणी असते, निकाल पाव तासात कळतो. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून त्या सोडल्या तर यकृतात दडलेला जंतू काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी पुन्हा बाहेर येतो. गरोदर स्त्रिया आणि वर्षाच्या आतल्या बाळांना ही गोळी देत नाहीत. त्यांनी डॉक्टर सांगतील तेच औषध घ्यावे. शेतावर जागलीला असलेल्या माणसाने ताप आल्यावर ‘धान घरी येऊ दे, मग बघू’ असे म्हणू नये. फॅल्सिपेरमला मेंदूपर्यंत जायला चार दिवस पुष्कळ होतात.

मिटण्याचे प्रात्यक्षिक ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे असेल, त्यांनी आपली मच्छरदाणी घेऊन जवळच्या उपकेंद्रात जावे. बहुतेक ठिकाणी परिचारिकाताईंना किंवा आशाताईंना ते जमते. त्यांनाही जमत नसेल, तर तिथे खेळणाऱ्या एखाद्या शाळकरी पोराच्या हातात द्यावी.